पाण्यातली छत्री

"डावीकडं, गेणू, डावीकडं! अरे, गेलं!"

पडदा पुन्हा निळा झाला. 'सिग्नल नाही' एवढंच त्यावर उरलं. बोटीत कुसाबाईनं आणि तिच्या साऱ्या जावांनी कपाळाला हात लावला.

गंगापूर धरणात, काठापासून जरा आत, गेणूची सहलीची बोट नांगर टाकून उभी होती. उभी म्हणायची एवढंच. वारा आला की ती नांगराभोवती फिरायची आणि तिच्याबरोबर टपावरची छत्रीही फिरायची. टोमॅटोच्या क्रेटमध्ये दगड भरून त्यात कुसाबाईनं ती टीव्हीची छत्री रोवली होती. छत्रीचं तोंड पांडवलेण्याच्या अंगाला राहिलं तर चित्र येई, जरा ढळलं की जाई. म्हणून कुसाबाईचा धाकटा भाऊ गेणू टपावर उकिडवा बसून क्रेट फिरवत होता. बोट उजवीकडं वळली की क्रेट डावीकडं. टीव्ही त्याचाच, सहलीच्या लोकांना गाणी दाखवायला ठेवलेला.

काठावर छत्री लावली असती तर हा ताप नव्हता. पण काठाची जमीन भाऊकीची, आणि भाऊकीत शब्द चालायचा तो कुसाबाईच्या नवऱ्याचा, चिमाजीचा. त्यांची मुलगी मनाली दोन वर्षांपूर्वी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कबड्डीच्या शिबिराला निघून गेली. तेव्हापासून चिमाजीनं तिचा विषय बंद केला होता. आज ती राज्याच्या संघातून अंतिम सामना खेळणार होती, तर सकाळीच त्यानं फर्मान काढलं, "तिचा खेळ माझ्या घरात लागायचा नाय. भाऊकीत बी कोणाच्या दारात लागायचा नाय. सगळ्या जणी मळ्यात जा, दिस कलल्याबिगर घरी यायचं नाय." स्वतः मात्र कंबर धरलीय म्हणून घरीच राहिला.

तो अंघोळीला गेल्यावर कुसाबाईनं शिडी लावली, पान्ह्यानं घरावरची छत्री सोडवली आणि थेट भावाच्या बोटीत जाऊन बसली. जावा मागोमाग आल्या. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. पण कुसाबाईचं वैर जमिनीवरचं होतं. पाण्यात कुणाच्या बापाचं काय!

"आलं! आलं!"

चित्र आलं आणि मनाली दिसली. केस बारीक कापलेले, गुडघ्याला पट्टी, चढाईला निघालेली. एकीनं तिचा घोटा धरला, दुसरी कमरेवर येऊन पडली. मनालीनं दोघींना ओढत नेत मधल्या रेषेवर हात टेकवला. बोटीत एकच गलका झाला. कुसाबाई पडद्याला अगदी टेकून बसली. दोन वर्षांत पोरीचा चेहरा असा जवळून पाहिलाच नव्हता. तिनं पदरानं डोळे पुसले. रडायला ती आली नव्हती.

तेवढ्यात मध्यंतर झालं, आणि टपावरून गेणू ओरडला, "अक्का, दाजी!"

काठावरून चिमाजी धावत येत होता. हात हलवत काहीतरी ओरडत होता, पण वारा उलटा होता, शब्द पोचेनात. धाकट्या जावा खाली वाकल्या. कुसाबाई उठून उभी राहिली.

"वरडा किती बी!" ती म्हणाली. "आज मी काठाला यायची नाय."

चिमाजी थांबला नाही. सदऱ्यासकट पाण्यात उतरला. धरणाकाठचा माणूस, हात मारत बोटीशी आला आणि कड धरून धापा टाकू लागला. आता हा छत्री पाण्यात फेकणार, याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

"अगं," त्यानं दम घेतला, "घरात काहीच दिसंना. कवाचा बसलोय पडद्याकडं बघत. घरावर चढलो तर छत्री नाय, ती हितं बोटीवर दिसली. किती झाले पोरीचे?"

गेणूचा हात क्रेटवरच राहिला.

कुसाबाईला हसू आलं नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं ती गोधडीत तोंड खुपसून रडली होती, पोरीची आठवणसुद्धा चोरून काढत होती. आणि हा?

"भाऊकीला बंदी, अन् तुम्ही दार लावून बघणार व्हता?"

"किती झाले ते तर सांग."

"कोणत्या पोरीचे?"

चिमाजीनं वर चढायला पाय उचलला. थोरली जाऊ लंकाबाई पुढं सरसावली आणि तिनं वाट अडवली.

"थांबा, भाऊजी. आम्ही नव्या नवऱ्या असताना उंबऱ्यात अडवलं व्हतं ना? नाव घेतल्याबिगर कोणी आत सोडलं नाय. ही बोट आमची हाय. नाव घ्या, मग वर या."

साऱ्या जावा खो-खो हसल्या. चिमाजीनं बायकोकडं पाहिलं. ती जराशी सरकली असती तर तो वर आला असता. ती सरकली नाही.

"मनाली," तो पाण्याकडं बघत पुटपुटला.

"ऐकू नाय आलं," कुसाबाई म्हणाली. "ती गेली तवा साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं वरडला व्हता."

चिमाजीनं दोन्ही हातांनी बोटीची कड घट्ट धरली.

"मनाली!" तो छाती फुटेस्तोवर ओरडला, आणि पार पलीकडच्या काठावर भेंडी तोडणाऱ्या बायांनी माना वर केल्या.