शब्दाचा वापर

आई संध्याकाळी हॉटेलच्या लाँड्रीतून आली आणि दाराशी स्टुलावर बसून सुजलेल्या पायांतले बूट काढू लागली. लेक ‘शिन्खू-ल’ हा चिनी शब्द घोकत होती. “आमच्याशी हूं की चूं नाही, पुस्तकाशी मात्र गप्पा!” आई हसली. “आज काय शिकलीस?” “उद्या सांगते.” लेकीनं मान वरही केली नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या यंत्रापाशीच आई कोसळली ती गेलीच. महिन्याभरानं शिक्षिकेनं त्या शब्दाचा वापर समजावला. “कामावरून दमून आलेल्या माणसाला म्हणायचा. तुमचे कष्ट मला दिसले, असा अर्थ. आजच घरी म्हणून बघा.” घरी कुणीच नव्हतं. तरी तिन्हीसांजेला दाराजवळचं आईचं रिकामं स्टूल, ती गेल्यापासून रोज करकरायचं तसं, करकरलं. एरवी लेक घाबरून घाईनं रेडिओ लावायची. आज ती स्टुलासमोर जमिनीवर बसली. “आई, खूप दमलीस गं,” ती मोठ्यानं म्हणाली. “मला रोज दिसत होतं.”