घराकडे बघायला कोण

प्रियांका गेल्याचा फोन परभणीहून सकाळी आठला आला आणि साडेआठला तिच्या घरात चार बायका कामाला लागल्या होत्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून चुलत जावेने आपल्या घरी भाकरी टाकल्या. शेजारणीने दोन्ही टाक्या भरल्या. एकीने सहा वर्षांच्या सृष्टीची वेणी घातली आणि काही न सांगता तिला भात खाऊ घातला. गल्लीतल्या सरजाबाईने दोरीवरची प्रियांकाची साडी अंगावर घेतली आणि ती म्हशीखाली बसली. म्हशीने वास घेतला आणि पान्हा सोडला.

हे सगळं कोणी ठरवलं नव्हतं. कोणी कोणाला विचारलंही नव्हतं.

प्रियांकाचं पोट सृष्टीच्या जन्मापासून दुखत होतं. सिझर झालं, टाके सुकले, पण वाकलं की आत काहीतरी ओढायचं. पहिल्या वर्षी सासू तानुबाई म्हणाली, टाके ओले आहेत. दुसऱ्या वर्षी गॅस झाला. तिसऱ्या वर्षी वात. एका डॉक्टरने गोळ्या दिल्या, दुसऱ्याने त्याच गोळ्या वेगळ्या रंगाच्या दिल्या. मग सोनोग्राफी झाली. त्यात काहीच निघालं नाही. तानुबाईने ही आनंदाची बातमी गल्लीभर सांगितली. मशिनीला दिसलं नाही म्हणजे दुखत नाही, असं घरात ठरलं. नवरा महारुद्र बारावी सायन्स होता. त्यालाही ते शास्त्रीय वाटलं.

गेल्या दिवाळीनंतर ती भाकरी थापता थापता आडवी झाली, तेव्हा महारुद्र तिला परभणीला घेऊन गेला. तिथल्या सर्जन बाईंनी तिला विचारलं, कुठं दुखतं. तोवर सगळ्या डॉक्टरांनी हे महारुद्रालाच विचारलं होतं आणि त्यानेही न अडखळता सांगितलं होतं. बाईंनी कागदावर चित्र काढलं. सिझरच्या जागी आतडी आतून चिकटली असावीत, म्हणाल्या. सोनोग्राफीत हे बहुतेक वेळा दिसत नाही. दुर्बिणीने आत बघू आणि सोडवू, नाही जमलं तर पोट उघडावं लागेल. पुन्हा चिकटणारच नाही अशी हमी त्यांनी दिली नाही. पण असंच ठेवलं तर एखाद्या दिवशी आतडं अडकेल, हे दोनदा सांगितलं.

“नंतर सहा आठवडे कळशीसुद्धा उचलायची नाही. घराकडे बघायला कोणी आहे ना?”

“हायत की,” महारुद्र म्हणाला. “घर भरलंय माणसांनी.”

भरलेलं घर त्या आठवड्यात विचार करायला बसलं. तानुबाईचे गुडघे त्याच दिवसापासून जास्त दुखायला लागले. महारुद्राची थोरली बहीण लक्ष्मीबाई सेलूला असायची. तिच्या मुलाची दहावी होती, त्यामुळे तिला आठ दिवसही निघता येणार नव्हतं. चुलत जावेशी बांधावरून बोलणं बंद होतं. रोजाची बाई बघावी, तर कापसाच्या दिवसांत बाया मिळत नाहीत, आणि मिळाली तरी लोक काय म्हणतील. शेवटी सगळं म्हशीवर येऊन थांबलं. म्हैस प्रियांकाशिवाय कोणाला हात लावू देत नव्हती. त्या घरात सर्जन बाईंच्या मतापेक्षा म्हशीच्या मताला वजन होतं.

उपाय प्रियांकानेच काढला. तिने आपली साडी महारुद्राच्या डोक्यावरून घेतली, पदर खोचला आणि त्याला म्हशीखाली बसवलं. म्हैस फसली. पहिल्या दिवशी त्याने लिटरभर दूध काढलं. प्रियांका पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी पलीकडचा बन्सीधर रस्त्याने जाताना थांबला आणि म्हणाला, “वैनी, आमचा महारुद्र कुठं गेलाय?” पारावर ते चार दिवस पुरलं. महारुद्राने साडी पुन्हा अंगाला लावली नाही. म्हैस लाथा मारती, असं त्याने घरी सांगितलं.

मग कापूस झाल्यावर बघू, असं ठरलं. कापूस झाल्यावर हरभरा होता. हरभऱ्यानंतर लग्नसराई, लग्नसराईनंतर पेरणी. मध्ये पोखर्णीला जाऊन नृसिंहापुढे नारळ फोडला, कारण त्याला एकच दिवस लागत होता आणि सकाळची धार काढून निघता येत होतं. प्रियांका अधूनमधून विचारायची, तारीख घ्यायची का. पुढे तिने विचारणं सोडलं. तेव्हा तानुबाई म्हणाली, बघा, राहिलं का न्हाई दुखायचं.

भादव्यात तिला दोन दिवस उलट्या झाल्या. पित्त समजून लिंबाचं सरबत दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पोट दगडासारखं झालं, तेव्हा जीप काढली. टेबलावर घ्यायच्या आधीच ती गेली. सर्जन बाई त्याच होत्या. इतके दिवस कुठं होतात, त्यांनी विचारलं. महारुद्राच्या ओठांवर म्हशीचं नाव आलं होतं. ते त्याने गिळलं.

अकराला तो अँब्युलन्समधून उतरला. अंगण झाडलेलं होतं. तानुबाईने ते गुडघ्यांसकट झाडलं होतं. टाक्या भरल्या होत्या. दूध डेअरीला गेलं होतं. चुलत जाऊ त्याच्याच ओट्यावर बसून रडत होती. लक्ष्मीबाई सेलूहून मिळेल त्या बसने आली होती. तिने त्याला धरून आत नेलं.

“म्हारुद्रा, तू घराची काळजी करू नकू,” ती म्हणाली. “दीड म्हैना मी हितनं हालत न्हाई. भाकरी-पाण्याचं ह्या बघायल्यात. म्हशीचं सरजाबाई बघती.”

महारुद्राने मान हलवली. घराची सोय लागली होती. ऑपरेशन तेवढं राहिलं होतं.