ग्राहक भांडाराचा फळा

रानातली अळंबी आली. करवंदं संपली. बर्वे गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टाकळ्याची भाजी उद्या मिळेल. आपल्या सुलक्षणाची लेक प्राजू पोलीस भरतीत निवडली गेली!

भांडाराच्या फळ्याखाली दरवर्षी एक पुडा मांडलेला असतो. रानातून अळंबी आणणारी सोमीच तो देते. दिसायला तशीच, पण विषारी अळंबी. सभासदांना ओळखता यावी म्हणून.

“सुलाताई, इथला पुडा कुठंय?” सोमीनं गल्ल्यावरच्या सुलक्षणाला विचारलं.

“शेवटचा होता तो,” दुपारच्या पाळीचे कुलथेकाका म्हणाले. “धोपाटे वहिनींना दिला. का गं?”

सुलक्षणानं फोन लावला. पहिल्यांदा नुसताच वाजत राहिला. दुसऱ्यांदा वहिनींनी उचलला. “अगं, हात भरलेत माझे. पोरं ताटावर बसलीत.”

“वहिनी, अळंबी वाढली?”

“वाढतेच आहे. तुलाही पाठवू का?”

“वाढू नका! विषारी आहे ती! कुणी तोंडात घातली का?”

पलीकडे भांडं आपटलं. मग वहिनी पोरांना एकेक करून विचारताना ऐकू आल्या.

“नाही गं,” वहिनी म्हणाल्या. “अजून कुणीच नाही.”

कुलथेकाका घाम पुसत म्हणाले, “पण दरवर्षी फळ्यावर विषारी पुड्याची सूचना असते ना? यंदा कुणी लिहिलीच नाही?”

सुलक्षणा फळ्याकडे पाठ करून उभी राहिली.

सकाळी प्राजूची बातमी लिहायला जागा नव्हती, म्हणून तिनं सगळ्यात खालची ओळ पुसली होती.