पाच पांढरे

चौथ्या दिवशीही पांढरा ठरेना. रंगारी उपड्या डब्यावर बसून होता. कपाटांची दारं उतरवून, भेगांत लांबी भरून, घासून भिंतीला टेकवलेली, आणि ओट्यावर पुठ्ठ्याचे पाच तुकडे मांडलेले. प्रत्येकावर त्याने वेगळा पांढरा लावला होता आणि मागच्या कोऱ्या, मळकट बाजूला पेन्सिलीने भला मोठा आकडा टाकला होता.

"ताई, उद्यापासून माझं दुसरीकडे काम आहे," तो म्हणाला. "आज सांगितलं नाहीत तर ही दारं महिनाभर अशीच राहतील. मग मला बोल लावू नका."

बेबीने पुन्हा पाचही पुठ्ठ्यांवरून नजर फिरवली. वय सत्तेचाळीस, पण घरात नाव अजून बेबीच. भांडीकुंडी बाहेरच्या खोलीत खोक्यांमध्ये, शेगडी गॅलरीत, आणि नवरा चार दिवस बाहेरचं खाऊन वैतागलेला. ती पुठ्ठे उचलायची, दाराला लावून बघायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. तिच्यापुरतं तिने पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं असतं, कारण तिला पाचही सारखेच दिसत होते. घोडं अडलं होतं ते नानांपाशी.

नाना तिचे वडील. कापडगिरणीच्या धुलाई खात्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. "यात नीळ जास्त झालीय," असं ते नुसतं लांबून म्हणाले, तरी अख्खं ठाण परत धुवायला जायचं. असा माणूस घरात असताना पांढरा दुसरं कोण निवडणार? पण सोमवारी नाना म्हणाले, सकाळचा उजेड खोटा असतो. मंगळवारी म्हणाले, ऊन फार आहे. काल ढग आले होते, आणि ढगात म्हणे पांढरा बघायचाच नसतो. बेबीने कपाळावर हात मारला होता. म्हातारपणी माणसाचे नखरे वाढतात, दुसरं काय!

"आणि या चौकटीचंही सांगा," रंगारी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "ही आधी सोड्याने धुवावी लागणार. बघा ना, केवढे हाताचे डाग. पांढरा दिलात तर चार दिवसांत परत असंच दिसेल."

बेबीने वाकून पाहिलं. चौकटीच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, बोटांचा काळपट पट्टा उमटला होता. वर नाही, खाली नाही, तेवढ्याच जागी.

"आमच्या ह्यांचे प्रताप," ती करवादली. "हात पुसायला टॉवेल आहे ना घरात? लहान मुलं परवडली. नाना! अहो नाना, या एकदाचे. आज मी तुम्हाला सोडणार नाही."

नाना आले. दाराशी येताच त्यांचा डावा हात उचलला गेला आणि बरोबर त्या काळ्या पट्ट्यावर टेकला. मग त्यांनी पाय आत टाकला.

बेबी त्या हाताकडे बघत राहिली. काहीतरी चुकत होतं, पण काय ते तिच्या ध्यानात येईना. घाईघाईने तिने पाचही पुठ्ठे गोळा केले आणि नानांच्या हातात कोंबले. नानांनी ते पत्त्यांसारखे पिसले, त्यातला एक काढला आणि खिडकीकडे धरून मान तिरकी केली. अगदी गिरणीत धरायचे तसा.

"हा," ते ठासून म्हणाले. "यात नीळ बेताची आहे. दारांना हाच द्या. चौकटीलाही हाच."

पुठ्ठा उलटा होता. पेन्सिलीचा तीन त्यांच्या नाकासमोर होता.

रंगाऱ्याने काही बोलायला तोंड उघडलं. बेबीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. हल्ली पेपरात वाचण्यासारखं काही नसतं, असं नाना वर्षभर म्हणत होते, आणि तिने दर वेळी हसून मान डोलावली होती. कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं. पांढऱ्या भिंतीत पांढरी चौकट केली, तर हा माणूस दार शोधणार कसा?

"दारांना हाच देऊ," ती म्हणाली. "चौकट मात्र गडद."

"गडद? पांढऱ्या स्वयंपाकघरात? सगळी शोभा घालवशील."

"गेली तर जाऊ दे."

"बेबी, पांढऱ्यातलं तुला काही कळत नाही."

"नाही कळत." ती दाराशी गेली. "पण नाना, चौकटीवर एकाच जागी डाग पडलेत. आत येताना हात टेकतो तिथे."

हातातल्या पुठ्ठ्यावर नानांचा अंगठा फिरला. ही बाजू खरखरीत. त्यांनी पुठ्ठा उलटला. ती बाजू गुळगुळीत. अंगठा पुन्हा एकदा खरखरीत बाजूवर आला आणि तिथेच थांबला. रंगारी उगाच ब्रशचे केस साफ करत राहिला. नानांनी दुसऱ्या हाताने ओट्याची कड चाचपली आणि पुठ्ठा तिथे अलगद ठेवला.

"गडद म्हणजे किती गडद करता येतो हो?" त्यांनी रंगाऱ्याला विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेवढा, नाना."

"मला दिसेल एवढा करा," नाना म्हणाले.