कोरडी जागा

गळती नेमकी कुठे आहे ते कळावं म्हणून मेकॅनिकने बाबांच्या जुन्या गाडीखाली पुठ्ठा अंथरायला सांगितलं.

सकाळी पुठ्ठा तेलाने भिजला होता. मधोमध मात्र उताण्या माणसाएवढी जागा कोरडी होती. उजवा खांदा उतरलेला, बाबांचा असायचा तसा.

"ताई, खाली कोण झोपलं होतं?" त्याने हसत विचारलं.

"बाबा जाऊन महिना झाला," मी म्हणाले.

त्याने पॅकिंग बदललं, सील बदललं. मी रोज नवा पुठ्ठा घालायचे आणि रोज कोरडी जागा कमी व्हायची. आधी पाय बुडाले, मग छाती.

"मला नाही सापडत हो गळती," आज तो मान खाली घालून म्हणाला.

चेहऱ्यापुरतीच जागा उरली होती. मी वाकून गाडीखाली तिच्यावर ओंजळ धरली. ओंजळीत एक थेंबही पडला नाही. खाली डाग पसरतच होता.