वाळूतला भांग

दर रविवारी न्हावी घरातल्या फिशटँकची वाळू एका जुन्या कंगव्याने विंचरायचा. त्याने घाण तळाला धरत नाही, असं त्याचं ठाम मत.

पण महिन्याभरापासून एक नवीनच खूळ सुरू झालं होतं. तो विंचरून उठला, की तासाभरात वाळूत मधोमध सरळ भांग पडलेला असायचा.

“माशांचे उद्योग,” बायको म्हणाली. त्याने मासे बादलीत काढून ठेवले. भांग पडलाच.

“असू द्या ना. तुमचं काय जातंय?”

“वा गं वा! तीस वर्षं अख्ख्या गल्लीचे भांग मी पाडले, आणि माझ्याच घरात मला कोण शिकवणार?”

आज तो भर दुपारी कंगवा घेऊन काचेसमोर ठाण मांडून बसला. दोन तास झाले, वाळूचा कण हलला नाही.

“बघ, आली की नाही वठणीवर!”

बायको बघायला आली आणि दारातच थबकली. “अहो, तुम्ही मधोमध भांग कधीपासून पाडायला लागलात?”

त्याने डोक्याला हात लावला. जन्मभर मागे फिरवलेले केस ओलेचिंब होते. बोटांना वाळू लागली.

“असं होय!” दातओठ खात त्याने कंगव्याने सगळे केस मागे ओढले आणि ताठ मानेने टाकीकडे पाहिलं.

बायकोच्या डोळ्यांदेखत ते केस सावकाश, मधोमध, पुन्हा दोन बाजूंना झाले.