संथ लहरी

यंत्र खोटं बोलत असणार, असं मनकर्णाबाईंनी मनाशी ठरवूनच टाकलं.

वाशीमच्या त्या दवाखान्यात त्यांच्या नवऱ्याच्या, जगदेवरावांच्या, डोक्यावर तारांची टोपी चढवून मेंदूच्या लहरी उतरवून घेतल्या होत्या. आता त्या पडद्यावर सरकत होत्या, आणि डॉक्टर यूसरा त्यांवर बोट ठेवून सांगत होत्या, की पार्किन्सनमध्ये नुसता हातच कापतो असं नाही. पुढेमागे बुद्धीही मंदावू शकते, आणि त्याची चाहूल कधी कधी या लहरींत आधी लागते. जगदेवरावांच्या लहरी त्यांना संथ वाटत होत्या.

"संथच हायेत ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "उभ्या जन्मात कधी घाई केली नाही त्यायनं."

डॉक्टर हसल्या, पण मनकर्णाबाई हसल्या नाहीत. हात कापतो तर कापू दे. चहाचा कप त्या धरत होत्या, सदऱ्याच्या गुंड्या त्या लावत होत्या. डोकं मात्र शाबूत हवं होतं. ते गेलं तर आपण काय काय धरून ठेवणार?

"एकट्या यंत्रावरून मी काही ठरवत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काकांना थोडं विचारते."

"इचारा न. काहीबी इचारा."

जगदेवराव सावकाश बोलले, पण बरोबर बोलले. यंदा वावरात सोयाबीन आणि तूर. नात वैष्णवी, कारंज्याला शिकते. आज अनसिंगहून ऑटोने आलो. एकेका उत्तराने मनकर्णाबाईंचा जीव भांड्यात पडत गेला. शेवटी तर त्या पडद्याकडे रागानेच बघू लागल्या.

"आणि या कोण? यांचं नाव काय?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे हात केला.

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "घेत नाहीत ते. आमच्यात नवराबायको एकमेकायचं नाव घेत नाहीत, म्याडम. हरीओमची माय, नाही तं नुसतं अवं. तेवढ्यावरच चालते आमचं."

"आज घ्या, काका."

"घ्या न," मनकर्णाबाईही म्हणाल्या. "इथं कोन हाये ओळखीचं? कायले लाजता?"

खरं सांगायचं तर त्यांनाही ते ऐकायचं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. या वयात त्यांचे गाल तापले.

जगदेवराव लाजले नाहीत. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, देवळाबाहेरच्या ढिगात आपली चप्पल शोधावी तसं. मग मान खाली घातली.

"सापडत नाही," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंचं हसू अजून ओसरलं नव्हतं. "काय सापडत नाही?"

"नाव."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "कधीपासून, काका?"

"लय दिस झाले," ते म्हणाले. "घरात कामच पडत नाही न त्याचं."

रोज हाक येत होती, रोज मनकर्णाबाई ओ देत होत्या. सोबत जेवण होत होतं, भांडणं होत होती, आणि एका छपराखाली राहून त्यांना पत्ता लागला नव्हता.

जगदेवरावांनी कापऱ्या हाताने त्यांचा पदर धरून त्यांना जवळ ओढलं, आणि डॉक्टरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले,

"सांगून ठेव न वं एकडाव. पुन्हा कोनी इचारलं तं?"